बोट मिस्त्रीकडे, पैसा मक्तेदाराकडे

चोपडा तालुक्याला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून, अमळनेर-धरणगावच्या अंगाने निघून गेला. नदी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी यावे, असे ना इंग्रज सरकारला वाटले, ना स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्या सरकारला. त्यामुळे या तालुक्यातील केळीचा घड असो की कापसाची गाठ, तिचे भवितव्य मालट्रकच्या चाकाशी बांधलेले आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने शिरपूर गाठायचे, तेथे मुंबई-आग्रा महामार्गाला लागायचे, बिजासनचा घाट चढून सेंधव्याला पोचायचे आणि पुढे उत्तरेच्या बाजारपेठांकडे धावायचे, हा येथील केळीच्या प्रवासाचा एक ठरलेला मार्ग. हा माल थांबत नाही. घड कापला की त्याची मुदत सुरू होते, आणि ट्रक वाटेत बंद पडला तर नुकसानीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर नेहमी सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन थांबते.

या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी एक वस्तू आहे, जिचा उल्लेख अर्थसंकल्पाच्या भाषणात होत नाही आणि वाहतुकीवरील परिसंवादांतही होत नाही. ती म्हणजे डिझेल इंजिनाचा इंजेक्शन पंप. रस्त्याकाठी डिझेल विकणारा पंप तो हा नव्हे. इंजिनाच्या कुशीला बसून प्रत्येक सिलिंडरला थेंबाथेंबाच्या हिशेबाने डिझेल पुरवणारा तो हा पंप. तो थकला की ट्रक चढणीवर दम टाकतो, काळा धूर ओकतो, सकाळी सुरू होताना अडतो आणि डिझेल अधिक पितो. पंप उतरवून पुन्हा नव्यासारखा बांधून घ्यावा, तर त्याचे बिल एका ट्रकच्या मालकाची कंबर मोडते. मग गॅरेजमध्ये भांडण जुंपते. ट्रकवाला म्हणतो, मिस्त्रीने लुटले. मिस्त्री म्हणतो, याला कामाची किंमत कळत नाही. दोघेही घाम गाळणारे, दोघेही उधारीत, आणि दोघेही भलत्याच माणसाची गचांडी धरून उभे! बिलाचा मोठा हिस्सा ज्याच्या तिजोरीत जातो, तो तिसरा पक्ष त्या गॅरेजमध्ये कधी पाऊलही टाकत नाही. तो कोण, हे ओळखणे आणि इतरांना ओळखून दाखवणे, हे खानदेशातील कार्यकर्त्यांचे काम आहे.

बिलाची फोड

मिस्त्री लुटतो, हा आरोप तपासायचा तर आधी काम समजून घेतले पाहिजे. सहा सिलिंडरच्या इंजिनावरील जुन्या पद्धतीच्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक, असे सहा एलिमेंट असतात. एलिमेंट म्हणजे पोलादी प्लंजर आणि तो ज्यात खालीवर होतो ते बॅरल. या दोहोंमधील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस तिच्याहून वीस-तीस पट जाड असतो. म्हणूनच ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते, आणि एक झिजले तरी दोन्ही बदलावी लागतात. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लंजर मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा त्या फटीतून खालीवर होतो. तेथे वेगळे वंगण नसते. डिझेल हेच त्याचे वंगण. डिझेलमध्ये पाणी असले, कचरा असला किंवा भेसळ असली, तर पहिला घाव याच फटीवर बसतो.

एलिमेंटांबरोबर सहा डिलिव्हरी व्हॉल्व्ह येतात, सहा नोझल येतात, गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि बुश, बेअरिंगे आणि सील येतात. हे सारे बसवून झाले की पंप टेस्ट बेंचवर चढतो. तेथे प्रत्येक एलिमेंटमधून पडलेले डिझेल काचेच्या नळीत मोजले जाते, आणि सहाही नळ्या एकसारख्या भरेपर्यंत मिस्त्री पंप जुळवत राहतो. एक नळी कमी भरली तर तो सिलिंडर उपाशी राहतो; एक जास्त भरली तर तो धूर ओकतो आणि पिस्टन जाळतो. हे कसब पुस्तकातून येत नाही. वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली हात काळे केल्यावर ते बोटांत उतरते.

आता बिल पाहावे. त्यातील सर्वांत मोठा आकडा या कसबाचा नसतो. तो सुट्या भागांचा असतो. मजुरीवर घासाघीस करता येते, म्हणून तिच्यावरच सारी घासाघीस होते. भागांच्या डबीवर किंमत छापलेली असते, आणि छापील किमतीशी भांडता येत नाही, म्हणून तिच्याशी कोणी भांडत नाही. याचा परिणाम असा की, बिलात ज्याचा वाटा लहान, त्याच्यावरच चोरीचा आळ. आणि ज्याचा वाटा मोठा, तो प्रतिष्ठित!

त्या छापील किमतीत सरकारचाही हात आहे. उदाहरणादाखल करापूर्वी १६,००० रुपयांचे भाग लागले असे धरावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा वाहनांच्या बहुतेक सुट्या भागांना २८ टक्क्यांच्या पंक्तीत, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या शेजारी बसवण्यात आले. १६,००० रुपयांवर ४,४८० रुपये कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्क्यांवर आला आणि तोच कर २,८८० रुपये झाला. ही सवलत दिल्याबद्दल सरकारने आपली पाठ थोपटून घेतली. परंतु आठ वर्षे २८ टक्के कोणत्या न्यायाने घेतले, याचा खुलासा कोणी केला नाही. शिवाय मोठ्या उद्योगाला खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वळता करून घेता येतो; अड्ड्यावरून भाडे उचलणाऱ्या एका ट्रकच्या मालकाला ती सोय नाही. पंपाच्या एलिमेंटवरचा कर त्याच्याच अंगावर मुरतो.

गरिबाला महाग पडणारी काटकसर

येथे एखादा शहाणा विचारील की, पंप बिघडल्याने डिझेल जास्त जात असेल तर तो लगेच दुरुस्त का करून घेत नाहीत? या मंडळींना हिशेब येतो, पण गरिबी येत नाही. हिशेब असा. जळगाव जिल्ह्यातून दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर. जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर. चांगल्या पंपावर ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असे धरले, तर ५५० लिटर डिझेल लागेल. पंप थकून सरासरी साडेतीनवर आली, तर सुमारे ६२९ लिटर लागेल. म्हणजे एका फेरीत ७९ लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर ७,१०० रुपयांच्या आसपास. भाग, कर आणि मजुरी मिळून पंपाचे बिल २०,००० रुपयांच्या पुढे-मागे झाले असे मानले, तर तीन फेऱ्यांत ते वसूल होते. चौथ्या फेरीपासून नफाच नफा.

कागदावर हे इतके सरळ आहे. पण २०,००० रुपये एका दिवशी, एका हाताने मोजावे लागतात, आणि ७,१०० रुपये प्रत्येक फेरीत, डिझेलच्या बिलात, न दिसता जातात. ज्याच्या गाठीला रोकड आहे तो पहिला मार्ग घेतो आणि पैसा वाचवतो. ज्याच्या डोक्यावर फायनान्स कंपनीचा हप्ता आहे, ज्याचे मागील भाडे ट्रान्सपोर्टवाल्याकडे अडकले आहे, विम्याची आणि पासिंगची तारीख ज्याच्या उशाशी आहे, तो दुसऱ्या मार्गाने जातो आणि दुरुस्तीच्या कितीतरी पट रक्कम धुराच्या रूपाने आकाशात सोडतो. शेवटी ट्रक घाटात बंद पडतो. मग टोइंग आले, मालाची नुकसानभरपाई आली, व्याजाने काढलेला पैसा आला, आणि जे बिल २०,००० वर भागले असते त्याचे ओझे दुप्पट-तिप्पट झाले. गरीब माणूस उधळा असतो म्हणून गरीब राहतो, ही सुखवस्तूंची आवडती समजूत आहे. वस्तुतः भांडवलशाहीत गरिबाला काटकसर करण्याचीही ऐपत नसते. एक पंप हे सिद्ध करायला पुरेसा आहे.

या हिशेबात आणखी एक जुना घाव आहे. रेशनचे रॉकेल जोवर डिझेलच्या निम्म्याहूनही स्वस्त होते, तोवर ते गरिबाच्या चुलीऐवजी डिझेलच्या टाकीत जात होते. रॉकेलला डिझेलइतका वंगणाचा गुण नाही; भेसळीचे डिझेल पिऊन पिऊन एलिमेंट अकाली झिजत. नफा भेसळवाल्याचा, बिल ट्रकवाल्याचे आणि शिवी मिस्त्रीला! या धंद्याची पाळेमुळे किती खोल होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात इंधनाची भेसळ हटकली, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. राज्यभरचे सरकारी कर्मचारी संतापून रस्त्यावर आले. परंतु त्या भेसळीची किंमत वर्षानुवर्षे ज्यांनी आपल्या पंपातून मोजली होती, त्या ट्रकवाल्यांच्या नुकसानीची कोणी मोजदाद केली नाही. पुढे रॉकेलवरील अनुदान क्रमाक्रमाने संपवण्यात आले. भेसळीचे ते आमिष ओसरले, आणि त्याबरोबर गरिबाच्या चुलीचा आधारही. भेसळ करणाऱ्याला शासन करण्याऐवजी स्वस्त रॉकेलच बंद करणे, हा या राज्यपद्धतीचा न्याय!

मक्तेदारी कशी वाढवली गेली

आता सुट्या भागांच्या छापील किमतीकडे यावे. रॉबर्ट बॉश या जर्मन कंपनीने डिझेलचा ओळीचा पंप १९२७ साली कारखान्यात घाऊक बनवायला सुरुवात केली. भारतात १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली आणि बॉशच्या तंत्रावर स्पार्क प्लग व इंजेक्शन पंप येथे बनू लागले. हीच ती मायको. १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, आणि पुढे देशाच्या मालवाहतुकीचा भार डिझेलवर आला. ट्रक कोणाचाही असो, पंप बहुधा मायकोचा. गॅरेजच्या बोलीत मायको हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले, यावरून त्या वर्चस्वाची कल्पना यावी.

हे वर्चस्व खुल्या स्पर्धेत मिळालेले नव्हते. आयातीवर निर्बंध होते, परवाने मोजके होते, आणि देशी उद्योगाला आधार देण्यासाठी म्हणून उभारलेल्या या तटबंदीची किंमत भारतातील ग्राहकाने, म्हणजे अखेर मालाच्या भाड्यातून शेतकऱ्याने आणि कामगाराने भरली. तटबंदी उभारण्यात गैर काही नव्हते. स्वतंत्र देशाला आपले यंत्र आपण बनवता आले पाहिजे, ही समाजवाद्यांचीही मागणी होती. गैर हे की, तटबंदीच्या आत वाढलेल्या उद्योगावर समाजाची मालकी कधीच आली नाही. १९९१ नंतर तटबंदी पाडण्यात आली, आणि आत जे वाढले होते ते परकीय भांडवलाच्या स्वाधीन झाले. २००८ साली मायकोचे नावही गेले. ती बॉश लिमिटेड झाली, आणि तिचे ७० टक्क्यांहून अधिक भाग जर्मन मूळ कंपनीच्या हाती आहेत. बाजार उभा केला भारतीय जनतेने, लाभांश जातो परदेशी!

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा विरोधाभास अधिकच टोचतो. नाशिकला सातपूर येथे १९७० च्या सुमारास याच कंपनीचा नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना उभा राहिला. मिलिमीटरचा हजारावा भाग राखण्याचे ते अचाट काम तेथे मराठी कामगारांच्या हातांनी केले. ज्या मुंबई-आग्रा महामार्गावरून चोपड्याचा ट्रक जातो, त्याच महामार्गावर ते नाशिक आहे. बनवणारा कामगार, वापरणारा कामगार. मध्ये फक्त किमतीची भिंत, आणि तिची किल्ली तिसऱ्याकडे.

हातातून विद्या काढून घेतली

तरीही जुन्या पंपाच्या बाबतीत एक दिलासा होता. तो उघडता येत होता. चोपड्यासारख्या गावातील मिस्त्री त्याचे पोट जाणत होता. मोठ्या कामाला पंप जळगाव-धुळ्याच्या बेंचवर गेला, तरी काम जिल्ह्यात राहत होते आणि मजुरीही. कॉमन रेल पद्धतीने हा दिलासा हिरावून घेतला. यात एकच पंप डिझेलला प्रचंड दाब देऊन एका सामाईक नळीत साठवतो, आणि प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती उघडायचा हे संगणकाची पेटी ठरवते. जुन्या नोझलचा दाब दोनशे-अडीचशे बार; येथे तो दीड-दोन हजारांवर जातो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमानके लागू झाली, आणि नव्या मोठ्या ट्रकवर ही पद्धत सर्रास झाली.

धूर कमी व्हावा, याला कोणाचा विरोध असेल? महामार्गाच्या कडेची वस्ती श्रीमंतांची नसते. तो धूर गरिबांच्याच फुप्फुसात जातो. परंतु धूर कमी करण्याच्या नावाखाली दुसरेच एक काम उरकून घेण्यात आले. नवा इंजेक्टर बसवला की त्याचा सांकेतिक क्रमांक संगणकाच्या पेटीत भरावा लागतो. तो भरण्यासाठी कंपनीचे उपकरण लागते, उपकरणासाठी परवाना लागतो, आणि परवान्याचे पैसे पुन्हा पुन्हा भरावे लागतात. कॉमन रेल तपासणाऱ्या बेंचची किंमत अनेक लाखांत जाते. तालुक्याच्या मिस्त्रीने हे कोठून आणावे? त्याचे तीस वर्षांचे कसब एका सांकेतिक क्रमांकापाशी येऊन अडखळते. हवा स्वच्छ करायला दाब लागतो, सूक्ष्म फवारा लागतो, शुद्ध डिझेल लागते. कुलूप लागत नाही. कुलूप लागते ते नफ्याला.

बाजाराच्या भक्तांचा यावर एक ठराविक युक्तिवाद आहे. कंपनीने संशोधन केले, तेव्हा किंमत ठरवणे हा तिचा हक्क. मग १९२७ च्या पंपाचे काय? त्याचे संशोधन कधीच वसूल होऊन गेले. त्याच्या एलिमेंटची किंमत कोणत्या संशोधनासाठी मोजायची? आणि नव्या यंत्राच्या बाबतीत संशोधनाचा मोबदला ट्रकच्या किमतीत एकदा दिलेलाच असतो. दुरुस्तीच्या वेळी माहिती अडवून दुसऱ्यांदा घेतली जाते ती खंडणी होय.

ही समाजवाद्यांचीच ओरड आहे, असेही नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कारण काय? तर आपल्या गाड्यांचे सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे त्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. निकाल चारचाकी मोटारींपुरता होता. पुढे तो अपिलांच्या जंगलात शिरला. पण भांडवली व्यवस्थेच्या स्वतःच्याच पंचाने रोग ओळखला होता, हे विसरू नये. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. वाहने आणि शेतीची अवजारे हे विषय तिच्यापुढे होते. त्याच वर्षी डिसेंबरात निघाले काय, तर एक संकेतस्थळ! कंपन्यांनी आपल्या मर्जीने माहिती तेथे टाकावी, अशी विनंती. युरोपने अवजड वाहनांच्या धुराचे नियम कडक करताना २००९ च्या त्याच नियमावलीत स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क मतपेटीतून मिळवला. आपल्याकडे युरोपच्या वळणाचे धुराचे नियम आले. त्या नियमांच्या शेजारी असलेला दुरुस्तीचा हक्क मात्र चोपड्याच्या गॅरेजपर्यंत पोचला नाही.

उलट आला तो जुना ट्रक मोडीत काढण्याचा उपदेश. ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरणाची घोषणा झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील अवजड मालट्रकच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी १२,५०० रुपयांचे शुल्क लावण्यात आले. ज्या पैशात पंपाची दुरुस्ती निम्मीअधिक झाली असती आणि धूर खरोखर कमी झाला असता, तो पैसा धुराच्या नावाने तिजोरीत! नीट बांधलेला पंप धूर कमी करतो, हे साधे सत्य आहे. दुरुस्ती महाग करायची, धूर वाढू द्यायचा, आणि मग त्या धुराकडे बोट दाखवून गरिबाचा ट्रक भंगारात आणि नवा ट्रक कर्जावर त्याच्या गळ्यात घालायचा, हे पर्यावरणाचे धोरण नव्हे. हे विक्रीचे धोरण आहे.

‘मालक’ या शब्दाचा घोटाळा

चळवळीतील काही मित्रांची अडचण वेगळी असते. ट्रकवाला हा मालक आहे, त्याचे दुखणे कामगार चळवळीने का वाहावे, असे ते विचारतात. या प्रश्नात शब्द खरा आणि अर्थ खोटा आहे. ज्याच्या नावावर ट्रक आहे पण कागद फायनान्स कंपनीकडे गहाण आहेत, भाड्याचा दर जो ठरवत नाही, डिझेलचा दर जो ठरवत नाही, सुट्या भागांची किंमत जो ठरवत नाही, आणि जो स्वतः रात्रभर स्टिअरिंगवर बसतो, तो कशाचा मालक? तो फक्त जोखमीचा मालक आहे. त्याच्याकडचा चालक आणि क्लीनर तर त्याहून उघड्यावर. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू केला गेला. एका ट्रकवरचे दोन-तीन जीव त्याच्या बाहेरच राहिले. पंपाचे बिल आले की पहिली काट चालकाच्या पगाराला बसते, दुसरी क्लीनरच्या जेवणभत्त्याला. म्हणजे मक्तेदाराने छापलेली किंमत खाली झिरपत झिरपत सर्वांत तळच्या माणसाच्या ताटापर्यंत येते. मालक-नोकर हा भेद येथे खोटा नाही. छोट्या मालकाने नोकराचा पगार बुडवला तर चळवळीने नोकराच्याच बाजूला उभे राहिले पाहिजे. पण दोघांनाही पिळणारा वरचा हात दाखवून दिला नाही, तर त्यांची भांडणे कायमची त्या वरच्या हाताच्या सोयीची राहतील.

चोपडा ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर पूर्वेकडे फैजपूर आहे. १९३६ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, आणि शेतकऱ्याचे कर्ज व खंड हे प्रश्न राष्ट्रीय कार्यक्रमात आले. त्यापूर्वी शेतकऱ्याचे कर्ज ही त्याची खाजगी लाज समजली जात होती. ट्रकवाल्याचे पंपाचे बिल आज तशीच खाजगी लाज समजले जाते. ते सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडणे, हेच राजकारण.

करावयाचे काय?

पहिली मागणी कायद्याची. ट्रक आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या व त्यांचे पंप बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, सांकेतिक क्रमांक भरण्याची साधने कोणत्याही गॅरेजला जाहीर दराने दिलीच पाहिजेत. न दिल्यास दंड. समित्या आणि संकेतस्थळे पुरे झाली. दुसरी मागणी किमतीची. पंप आणि नोझलचे भाग हे मालवाहतुकीचे, म्हणजे अन्नधान्याच्या किमतीचे भाग आहेत. त्यांच्या उत्पादनखर्चाची चौकशी व्हावी आणि त्यांवरील कर सर्वांत खालच्या दराने घ्यावा.

तिसरे काम मागणीचे नसून उभारणीचे आहे. खानदेशाला सहकाराचे धडे कोणी द्यायला नकोत. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळी उत्पादकांच्या फ्रूटसेल सोसायट्यांनी रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीला केळी पाठवली. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग संस्था शेतकऱ्यांनी चालवल्या. त्यातल्या कित्येक पुढाऱ्यांनी बुडवल्या हे खरे, पण बुडवणाऱ्यांच्या पापाने पोहण्याची विद्या खोटी ठरत नाही. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले शेतकरी आणि मिस्त्री यांची मिळून एक संस्था, तिच्या मालकीचा एक बेंच, भागांची एकत्रित खरेदी, आणि दुरुस्तीचा पैसा हप्त्याने फेडण्याची सोय, एवढे झाले तरी तीन फेऱ्यांत वसूल होणारे बिल सावकाराच्या दारी जाणार नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. तेथील मुलांना या बेंचवर हात काळे करू द्यावेत. सार्वजनिक संस्थेला हे झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एस. टी. कडे पाहावे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाने स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या, आणि गाड्यांची बांधणी-दुरुस्ती आपल्या कामगारांच्या हाती ठेवली. जे राज्याच्या एस. टी. ला करता आले, ते तालुक्याच्या सहकाराला लहान प्रमाणावर का करता येऊ नये?

चौथे काम संघटनेचे. अड्ड्यावर संघटना होत नाही, हा समजही आता टिकण्याजोगा नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी नव्या न्याय संहितेतील अपघाताच्या कलमाविरुद्ध देशभरातील चालकांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारला चर्चेची भाषा बोलावी लागली, आणि त्या वर्षी १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. दोन दिवसांच्या एकजुटीने जे साधले, ते वर्षानुवर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी साधले नसते.

तेव्हा चोपड्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीची जागा बदलावी. ती कार्यालयात न घेता गॅरेजमध्ये घ्यावी. पंपाचे एक बिल घ्यावे, त्यातील भागांचा आकडा, कराचा आकडा आणि मजुरीचा आकडा वेगवेगळा करून ट्रकवाल्यापुढे आणि मिस्त्रीपुढे ठेवावा. मोठा आकडा कोणाचा, हे दोघांनी एकत्र वाचले की अर्धे भांडण तेथेच मिटेल. आणि उरलेले अर्धे, योग्य माणसाशी, दोघे मिळून करतील.